दुसरे पत्र आधी उघड

फैजपूर, ता. यावल
14 सप्टेंबर 2025

चि. माई हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू कलेच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या सात विद्यापीठांची नावे एका दमात सांगितलीस आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलेस, "पप्पा, आपल्याला झेपेल ना?" मी "बघू" म्हणालो. एकतीस वर्षे बँकेत कर्जाच्या टेबलावर काढलेल्या माणसाचे हे उत्तर पळपुटे होते, हे फोन ठेवल्यावर माझे मलाच जाणवले. कर्ज मागायला आलेल्या कोणालाही मी कधी "बघू" म्हणून परत पाठवले नाही. आकडे मांडून हो तरी म्हणालो किंवा नाही तरी. तुला तेवढेही दिले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या सातपैकी तीन संस्था अमेरिकेतल्या खाजगी कला महाविद्यालयांपैकी आहेत. त्यांची नावे मोठी आहेत, हे मान्य. पण तिथली नुसती वर्षाची फी 50 हजार डॉलरच्या वर आहे आणि राहणे, जेवण, आरोग्यविमा, कागद, शाई, तांब्याचे पत्रे हे सगळे धरले तर वर्षाला 75 हजार डॉलर सहज लागतील. डॉलर आज, सप्टेंबर 2025 मध्ये, 88 रुपयांच्या आसपास आहे. तो दोन वर्षे तिथेच थांबेल असे मानणारा माणूस बँकेत टिकत नाही, म्हणून मी हिशेबाला 90 धरतो. वर्षाचे साडेसदुसष्ट लाख, म्हणजे दोन वर्षांच्या एमएफएचे, कलेतल्या पदव्युत्तर पदवीचे, 1 कोटी 35 लाख रुपये झाले. आपली केळीची बाग, घर आणि माझी फंडाची शिल्लक एकत्र विकली तरी हा आकडा जेमतेम गाठता येईल आणि त्यानंतर तुझी आई आणि मी कुठे राहायचे हा प्रश्न उरेल. तेव्हा या तीन संस्थांना अर्ज करायचाच असेल तर मोठी शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचे, हे आधी मनाशी ठरवून कर.

तुझ्याच यादीतली आयोवा, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि टेनेसी-नॉक्सव्हिल ही नावे मात्र मला वेगळी वाटली. ही सरकारी विद्यापीठे आहेत, प्रिंटमेकिंगसाठी, म्हणजे छापचित्रांसाठी, नावाजलेली आहेत असे तूच म्हणालीस, आणि अशा ठिकाणी एमएफएच्या विद्यार्थ्यांना टीचिंग असिस्टंटशिप मिळू शकते. पदवीच्या मुलांचा वर्ग घ्यायचा किंवा कार्यशाळा सांभाळायची आणि त्याच्या बदल्यात फी माफ होऊन वर महिन्याचा खर्च भागवण्यापुरते मानधन मिळते, अशी ती सोय आहे. यात एक मेख आहे, ती तुझ्या नजरेतून सुटू नये. माफ होते ती शिक्षणाची फी; तिच्याखाली विद्यापीठाच्या निरनिराळ्या आकारणीची आणि विम्याची रक्कम बऱ्याचदा शिल्लक राहते आणि ती दर सत्राला खिशातून भरावी लागते. शिवाय काही ठिकाणी हा अभ्यासक्रम दोन नव्हे, तीन वर्षांचा आहे. असिस्टंटशिप किती वर्षांची, दरवर्षी नव्याने मागावी लागते की शेवटपर्यंत कायम, हे विभागाला ईमेल लिहून स्पष्ट विचार. विचारण्यात कमीपणा नाही. "अटी वाचल्या नव्हत्या साहेब" असे म्हणणारे लोक माझ्या टेबलासमोर रडलेले आहेत.

म्हणून माझे सांगणे असे की, मार्चमध्ये उत्तरे येऊ लागतील तेव्हा तुझी निवड झाल्याचे पत्र आणि पैशाचे पत्र यांतले दुसरे आधी उघड. ते आले नसेल तर पहिल्याच्या आनंदात होकार कळवू नकोस. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसात असे ठरवलेले आहे की, आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला विद्यार्थ्याने 15 एप्रिलपूर्वी उत्तर दिलेच पाहिजे अशी सक्ती करायची नाही. तुझ्या यादीतले कोण त्यात आहे ते पाहून ठेव आणि मिळालेली मुदत पुरती वापर. एका ठिकाणचा प्रस्ताव हातात असताना दुसऱ्या ठिकाणी "आणखी काही करता येईल का" असे नम्रपणे विचारलेले तिथे वावगे मानत नाहीत म्हणतात; केळीच्या रावेरच्या भावावर व्यापाऱ्याशी घासाघीस करणाऱ्या घरातली तू मुलगी आहेस, तेवढे तुला जमेल.

लंडनचा विचार या वर्षी सोडून द्यावा असे मला वाटते. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि तुझे त्या शाळेतल्या नोकरीचे एकच वर्ष झाले आहे. स्वतःच्या पैशाने तिथे जाण्याइतके आपण मोठे नाही.

जर्मनीचे नाव तुझ्या यादीत नव्हते; ते मी घालतो आहे. तिथल्या बहुतेक राज्यांतल्या सरकारी कला अकादम्यांमध्ये परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणाची फी नसते, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी असते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो तिथल्या गोठवलेल्या खात्यात आधी भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो तुझे तुलाच परत मिळत जातात. युरो शंभराच्या पुढे गेला आहे, तेव्हा ही रक्कम सव्वाबारा लाखांच्या आसपास जाते. अडचण भाषेची आहे, कारण फ्रँकफुर्टच्या श्टेडेलशुलेसारखी इंग्रजीत शिकवणारी संस्था अपवादानेच सापडते. पण वडोदऱ्यात संध्याकाळचा जर्मनचा वर्ग लावायला कोणाची आडकाठी आहे? डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेची चित्रकार आणि डिझायनरांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, तीही पाहा.

आता कर्ज. आपली यावल शिवारातली जमीन सात-बाऱ्यावर कितीही भरभक्कम दिसली तरी शैक्षणिक कर्जाच्या तारणाला ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ज्या 2002 च्या सरफेसी कायद्याने बँका तारण जप्त करतात त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, आणि जे जप्त करता येत नाही ते बँक तारण घ्यायला नाखूश असते. साडेसात लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागते. म्हणजे राहिले आपले घर. प्रॉपर्टी कार्ड माझ्या नावावर आहे, बोजा नाही, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन मी दिवाळीपूर्वी करून ठेवतो. परदेशी शिक्षणाला आपला वाटा पंधरा टक्के घालावा लागतो, पण तो एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने घालता येतो आणि असिस्टंटशिप किंवा शिष्यवृत्ती मिळाली तर ती या वाट्यात धरली जाते. शाखेत गेल्यावर समोरचा पोरगा हे आपणहून सांगणार नाही. त्याला ठाऊकच नसते. बऱ्याच सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. कर्जातून पाठवलेल्या फीवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएसही, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो करही, कापला जात नाही.

माझी मर्यादा पंचवीस लाखांची आहे. ती कशी काढली ते सांगतो. निम्मी रक्कम पहिल्या वर्षी आणि निम्मी दुसऱ्या वर्षी उचलली, दर दहा टक्के धरला आणि शिक्षणाची दोन वर्षे व नंतरचे सवलतीचे एक वर्ष काहीच भरले नाही, तर सरळ व्याजानेसुद्धा सव्वासहा लाख चढतात. सव्वाएकतीस लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला 41 हजार 300 च्या आसपास बसतो, पंधरा वर्षांत फेडायचे तर 33 हजार 600. चित्रकाराला दर महिन्याच्या पाच तारखेला इतकी रक्कम काढून ठेवता येईल का, हे मी तुला विचारत नाही, कारण तू हो म्हणशील. शिक्षण चालू असताना व्याज मी भरत जाईन: पहिल्या वर्षी महिन्याला 10 हजार 400, ते पेन्शनमधून निघेल, दुसऱ्या वर्षी 20 हजार 800, त्यातले निम्मे बागेने द्यायचे आहे. मे महिन्यात वादळाने घड लागलेली झाडे आडवी झाली तर काय, हा प्रश्न तुझी आई विचारते आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच मर्यादा पंचवीस आहे, तीस नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी एका शाखेत असताना एका शेतकऱ्याने मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी घर तारण ठेवले होते. ती फाइल मीच तयार केली होती आणि पुढे हप्ते थकल्यावर त्या घराच्या दारावर नोटीसही मीच चिकटवली. त्या माणसाने आतून येऊन मला पाणी दिले आणि खळ कमी पडते का, असे विचारले. मुलाने काहीही वाईट केले नव्हते. त्याला फक्त वेळेवर नोकरी मिळाली नव्हती. त्या दिवसापासून मंजूर होणारे कर्ज आणि झेपणारे कर्ज या दोन वेगळ्या रकमा मी कागदावर वेगळ्या लिहीत आलो आहे.

जळगावच्या ज्या सल्लागाराकडे आपण जूनमध्ये गेलो होतो त्याला पुन्हा फोन करू नकोस. चाळीस हजार घेऊन त्याने आपल्या हातात मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमांची यादी ठेवली आणि "आर्टला स्कोप नाही, काका" असे मलाच ऐकवले. ते पैसे गेले. तुझे अर्ज तूच भरू शकतेस: बहुतेक ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागत नाहीत, तुझी पदवी चार वर्षांची असल्याने तोही प्रश्न नाही, तीन शिफारसपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा तेवढी लागेल. दर अर्जाला फी आहे, म्हणून सातचे पाच कर. इनलॅक्सची शिष्यवृत्ती 1 लाख डॉलरपर्यंत असते आणि 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव.

चित्रांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण फोटोंबद्दल आहे, कारण ते काढताना कागद मी धरला होता. केळीचे खोड आडवे कापून, त्याचा चीक निथळावा म्हणून काप रात्रभर पोत्यावर पालथा ठेवून, मग त्यावर शाई लावून तू माझ्या केळीच्या हिशेबाच्या जुन्या वहीच्या पानांवर जे छापे घेतलेस, ते तुझ्या पोर्टफोलिओत सगळ्यांत पुढे असावेत असे मला वाटते. खोडाच्या त्या चक्राकार कप्प्यांमधून माझ्या अक्षरातले क्विंटलचे भाव दिसतात. पण फोटोत ते दिसत नाहीत. तिथे ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आली आहे आणि डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा. ते पुन्हा काढू. पंधरा-वीस चित्रे मागतात, तिथे पाहणारा पहिल्या तीन-चारांवरच निम्मे मत बनवत असणार. कर्जाच्या फायली मी तशाच वाचत असे.

अर्जासोबतच्या तुझ्या निवेदनाचा मसुदा वाचला. "मला लहानपणापासून कलेची आवड आहे" हे पहिले वाक्य काढून टाक. ते प्रत्येकाने लिहिलेले असेल. तू ज्या गावची आहेस तिथे 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि त्या नगरीच्या सजावटीसाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले होते. बांबूसारख्या गावाकडच्या साध्या सामानातून त्यांनी ती उभी केली. तू खोड आणि हिशेबाची वही का घेतलीस, हे सांगायला याहून जवळची जागा तुला कुठे मिळणार?

व्हिसाचे पुढे पाहू. एवढेच लक्षात ठेव की, अमेरिकेच्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसाला किमान पहिल्या वर्षाचा पैसा कागदावर दाखवावा लागतो, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे 350 आणि व्हिसाचे 185 डॉलर मिळून 48 हजार रुपये जातात, आणि सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. असिस्टंटशिपही त्याच वीस तासांत येते, तेव्हा "वर आणखी नोकरी करीन" हे तुझे गणित पुसून टाक. पदवीनंतर कामासाठी एक वर्ष मिळते. इंजिनिअरिंगच्या मुलांना जी पुढची दोन वर्षे मिळतात ती चित्रकलेला नाहीत.

आईचे म्हणणे वेगळेच आहे. तिला पैशापेक्षा तू परत येशील की नाही याची चिंता आहे. मी तिला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे उदाहरण दिले, की ते इंग्लंडात शिकून आले आणि चाळीसगावच्या आपल्या घरात आयुष्यभर राहिले. ती म्हणाली, ते घराबाहेरसुद्धा पडत नव्हते, तसेही नको. या वादात मी हरलो आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू होईल, त्याआधीच्या शनिवारी ये. गुणपत्रिकांच्या मूळ प्रती, आधार आणि पॅन बरोबर आण. सहअर्जदाराच्या फॉर्मवर तुझी सही लागेल. मागच्या खोलीची पूर्वेची भिंत मी चुना मारून घेतो, सकाळी आठच्या सुमारास तिच्यावर सारखा उजेड असतो. या वेळी कागद पिनांनी लावू.

तुझे,
पप्पा