यंदा वजन नको, माप घेऊ

बाड कानश्टाट, श्टुटगार्ट
३ जानेवारी २०२६

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. ‘पहिल्याच दिवशी बासुंदी खाल्ली गं, आता कसला संकल्प,’ म्हणालीस आणि विषय बदललास. फोन ठेवल्यावर मला आपल्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दिसायला लागलं. जानेवारीच्या पानावर, एक तारखेच्या चौकटीत, तुझ्या बारीक अक्षरात दरवर्षी तेच: साखर बंद. पर्वती आठवड्यातून चारदा. वजन ५ किलो. फेब्रुवारीचं पान येईपर्यंत त्या जागी दूधवाल्याचे खाडे आणि सिलिंडरची तारीख. पान उलटतं, पण तू स्वतःवर रागावलेली ती रागावलेलीच राहतेस. मी शाळेत होते तेव्हापासून हे बघतेय. त्या चौकटीत तुला बरं वाटावं असं काही मी एकदाही लिहिलेलं पाहिलं नाही.

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतेस आणि शेजारी बाबा पेपर वाचत असतात. म्हणून पत्र. तुझं वाचून झालं की वहिनीला दे, तिच्यासाठीही आहे.

दिवाळीत मी घरी होते तेव्हाचं सांगते. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तुझ्या पाठीला तेल लावत होते. इतक्या वर्षांत तूच आम्हाला लावलंस, तुझी पाठ अशी जवळून मी कधी पाहिलीच नव्हती. तुझ्या दोन्ही खांद्यांवर खाचा आहेत, आई. माझं करंगळीचं पेर बसेल एवढ्या. दुखतं का विचारलं तर ‘सवय आहे’ म्हणालीस. कमरेभोवती परकराच्या नाडीची काळी, जाड झालेली पट्टी, आणि डाव्या बाजूला गाठ येते तिथे कातडी सोललेली. तिथेच तू खोबरेल लावलंस आणि त्याच्यावरच नाडी आवळलीस. मग नवी नारायणपेठी नेसलीस, आणि आत कितीतरी वर्षांची बॉडी, हुक तुटला म्हणून सेफ्टी पिन लावलेली. मी नवी आणू का म्हटलं तर ‘आत काय, कोण बघतंय’.

कोणी बघायला कशाला हवं? सोळा तास तुझ्याच अंगाला लागतं ना ते.

मलाही हे उशिरा कळलं. बाळंतपणानंतर दोन वर्षं मी जुनेच कपडे रेटत होते, बारीक झाले की नवीन घेईन म्हणून. म्हणजे शिक्षाच होती ती. संध्याकाळी घरी येऊन हुक काढला की फासळ्यांवर लाल वळ, आणि मी ते वळ बघून शरीरालाच दोष द्यायची. शेवटी इथल्या ब्राच्या एका दुकानात गेले. साठीच्या पुढच्या बाई होत्या, गळ्यात टेप. पडद्याआड नेलं, हात गरम पाण्याखाली धरून आल्या, म्हणजे मला गार लागू नयेत. आधी छातीच्या खाली, श्वास सोडायला लावून, टेप नीट घट्ट. मग छातीच्या भरावर, सैल. आकडे कागदावर लिहिले आणि म्हणाल्या, तुम्ही पट्टा दोन मापं मोठा घालताय आणि कप दोन मापं लहान.

मी पुण्यापासून ३८बी घालत होते, आकडा पट्ट्याचा आणि अक्षर कपाचं. निघाले ३४डी. इथे त्याला ७५डी म्हणतात, कारण छातीखालचं माप सेंटिमीटरमध्ये धरतात. गंमत म्हणजे अक्षर दोन मापं पुढे गेलं तरी कपात मावतं तेवढंच, फक्त पट्टा चार इंच कमी. आणि सगळा फरक त्या पट्ट्याचा. वजन पेलायचं काम छातीखालच्या पट्ट्याचं आहे, खांद्याचं नाही. पट्टा सैल असला की मागून वर चढतो, पुढचं खाली येतं, मग आपण खांद्यावरचे स्ट्रॅप आवळत बसतो. तुझ्या खांद्यांवरच्या खाचा अशाच पडल्या असणार. तुला वाटतं घट्ट आहे म्हणून रुततं. बहुतेक उलटं आहे: खालून सैल आहे म्हणून वरून रुततं.

त्या दिवशी दुकानातून बाहेर पडले आणि ट्राममध्ये मला रडू आलं. तेरा वर्षांची असताना तू मला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात नेलं होतंस, आठवतं? काउंटरपलीकडे काका. तू हळूच ‘हिच्यासाठी’ म्हणालीस आणि रस्त्याकडे बघायला लागलीस. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एक खोका काढला, पेपरात गुंडाळून दिला. कोणी मोजलं नाही, कोणी विचारलं नाही. तो अंदाज मी वीस वर्षं अंगावर वागवला. त्यांचा काही दोष नव्हता, तुझाही नाही, तुलाही कोणी मोजलं नव्हतं. पण मला एवढं सांग, ब्लाउजसाठी तू शिंप्याकडे जुनं मापाचं ब्लाउज नेतेस, पाव इंच बाही सैल झाली तर परत पाठवतेस. आजीच्या चोळ्यासुद्धा मापाने शिवलेल्या असायच्या. मग त्याच्या आतलंच तेवढं अंदाजाने का?

मी राहते तो भाग या बाबतीत विलक्षण आहे. इथेच, कानश्टाटमध्ये, जिग्मुंड लिंडाउअर नावाच्या, कॉर्सेट म्हणजे छाती-कंबर आवळणारे ताठ कपडे बनवणाऱ्या कारखानदाराने १९१२ साली आधाराच्या ताठ पट्ट्या नसलेली, नुसत्या कापडाची ब्रा तयार केली आणि १९१४ला तिचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं हाउटाना. हाउट म्हणजे त्वचा. तोवर बायका कॉर्सेटमध्ये स्वतःला आवळून घेत होत्या. इथून पूर्वेला हॉयबाख नावाचं गाव आहे, तिथे १८८६ साली सहा शिलाई यंत्रांवर कॉर्सेट शिवायला सुरुवात झाली, तीच पुढे ट्रायम्फ झाली. तुळशीबागेच्या आसपास ज्या खोक्यांवर तू ते नाव वाचलं असशील, ते या डोंगराळ भागातलं. मला हे कळल्यापासून कारखान्यांच्या त्या जुन्या विटांच्या इमारतींवरून जाताना वेगळंच वाटतं. बाईला श्वास घेता यावा म्हणून इथे कुणीतरी डोकं चालवलं होतं.

आता नाडीचं. हे जरा नीट वाच. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिकत एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. एकीला परकराच्या नाडीने, दुसरीला घट्ट नेसलेल्या लुगड्याने, वर्षानुवर्षं एकाच जागी घासून कमरेला न भरणारी जखम झाली आणि तिचा त्वचेचा कर्करोग निघाला. धोतराच्या घट्ट गाठीनेही असं होतं, हे मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच लिहून ठेवलंय. हे फार क्वचित होतं. घाबरवायला लिहीत नाही. पण तुझी ती सोललेली जागा दिवाळीत होती तशीच असेल, तर या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. पर्वती राहिली तरी चालेल, हे राहायला नको. आणि परकराला नाडीऐवजी दोन-तीन बोटं रुंद पट्टी लावून घे, शिंपी अर्ध्या तासात करून देईल. रोज थोडी वर-खाली बांध, घरात असताना सैल सोड. साडी सुटत नाही, मी इथे पाडव्याला नेसून दिवसभर हिंडले होते.

इकडे नाताळ ते सहा जानेवारी या दिवसांत जुनी माणसं कपडे धूत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं: या बारा रात्री आकाशातून भुतांची स्वारी जाते, दोरीवरच्या कपड्यांत ती अडकते आणि घराला वर्षभर पीडा होते. नाताळ आणि एक तारखेच्या मधल्या दिवसांना इथे ‘वर्षांच्या मधले दिवस’ म्हणतात, जणू जुनं संपलंय आणि नवं अजून लागलेलं नाही. मी भुतं मानत नाही, पण आजींचा मान म्हणून मशीन लावलं नाही. मग धुणं नाही तर निदान आवरू म्हणून कपाटातला तो खण पलंगावर उपडा केला.

तेवीस निकर निघाल्या. घालत होते त्या सात. बाकीच्यांत तुळशीबागेतून तू घेऊन दिलेली ती फिकट जांभळी होती, लग्नाच्या आधीची. कमरेचं इलॅस्टिक ताणलं तर परत येतच नव्हतं, शिवणीतून पांढरे बारीक केसांसारखे धागे बाहेर आलेले. ताणणारा धागा असाच मरतो. उकळत्या पाण्याने, ब्लीचने, इस्त्रीने आणखी लवकर. जुलैत तू ओलसर निकरांवर इस्त्री फिरवतेस ना, त्याने इलॅस्टिक जातं. मी ती जांभळी हातात घेऊन बराच वेळ बसले, मग चांगलं कापड कापून पुसायला ठेवलं. रुतणारं, पिळलेलं, ‘बारीक झाल्यावर’साठी राखलेलं, सगळं काढलं. उरलेल्या सातांत सहा सुती, उंच कमरेच्या, मऊ पट्टीच्या नव्या घातल्या. एकतीस तारखेला एवढंच केलं. माझी ऑफिसातली इटालियन मैत्रीण त्या रात्री लाल घालते, त्यांच्याकडे शुभ मानतात. मी साधी करडी घातली आणि फटाके बघायला गेले. एकमेकांना इथे ‘गुटन रुट्श’ म्हणतात, म्हणजे नव्या वर्षात अलगद घसरत जा. मला ते फार आवडतं. उडी मारायला कोणी सांगत नाही.

आणि आपल्याकडे तर वर्ष एकदाच कुठे लागतं? १९ मार्चला गुढीपाडवा आहे, कडुनिंबाच्या पानात गूळ घालून. जूनमध्ये पोरांच्या शाळा. मग दिवाळीचा पाडवा, व्यापाऱ्यांची वही बदलते. एका बासुंदीने काय बुडालं? वाटीभर खाल्लीस, चांगली झाली होती ना?

तेव्हा यंदा वजनकाटा पलंगाखाली राहू दे. पर्वतीला मन झालं तर जा, पायऱ्यांवर गार वारा असतो म्हणून जा. पण त्या एक तारखेच्या चौकटीतलं खोड, आणि खाली लिही: माप.

तुझ्या खात्यात सहा हजार टाकलेत, दादाच्या नाही. तुझ्या आणि वहिनीच्या दोघींच्या कपड्यांचे आहेत, त्यातून कुकर घेऊ नकोस. आता पुण्यात बायका माप घेतात अशी दुकानं आहेत, वहिनीला माहीत असतील. घालून बघून घे. पट्टा पाठीवर आडवा सरळ बसला पाहिजे आणि खाली दोन बोटं जातील एवढाच. नवीन असताना सगळ्यात सैल हुकात बसली पाहिजे, कारण पुढे पट्टा ताणतो आणि तेव्हा आतले हुक कामी येतात. तीन घे, आलटून पालटून घाल, लागोपाठ दोन दिवस एकच नको.

आणखी एक मागते. ते कपडे मागच्या गॅलरीत परकराखाली झाकून वाळत घालू नकोस. पावसाळ्यात तुला जी खाज येते ती त्या दमटपणानेच वाढते. सुती कपडा घाम पितो, पण नीट वाळला नाही तर ओल धरून ठेवतो. पुढच्या दोरीवर घाल, उन्हात. समोरच्या काकूही त्यांचे आतले कपडे टॉवेलखालीच झाकून वाळवतात. तू उघड्यावर घातलेस तर कदाचित त्यांनाही धीर येईल.

मंगळवारी सहा तारखेला इथे सुट्टी आहे. त्यानंतर मी मशीन लावेन, आजींनाही चालेल. पत्र तुला मिळालं की कळव, मग आठवड्याभराने तुमच्याकडे दुपारचे चार वाजले की फोन करते. तेव्हा बाबा फिरायला गेलेले असतात. मला दोनच आकडे सांग: खालचा आणि वरचा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनीला प्रेम, पिल्लाला पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. मापाची टेप शिवणयंत्राच्या डाव्या खणात आहे, बटणांच्या डब्याखाली. दिवाळीत मीच ठेवली होती.