रॉस बार्न्सचा तक्ता तपासून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठीचा माझा लेख परवा छापायला गेला. लेखात तुमचं नाव नको म्हणालात, ते मी पाळलं. पण तुमचे आभार चार लोकांसमोर मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात जुना अमेरिकन बेसबॉलपटू रॉस बार्न्स याच्यावर दोनच ओळी होत्या: १८७६, शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज, सरासरी .४२९, पुढच्या वर्षी नियम बदलला आणि गडी संपला. जिथे तिथे हेच वाचलं होतं, मला ते खरंच वाटत होतं. तुम्ही तो कागद घेतलात, पेन्सिल काढलीत आणि मला समोर बसवलंत.

क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्याला सरासरी म्हणजे धावा भागिले बाद. बेसबॉलमध्ये ती हिट (टोला मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजलेल्या संधी). तुम्ही ३२२ ॲट-बॅट आणि १३८ हिट एकाखाली एक लिहून भागाकार करायला लावलात. मग म्हणालात, "आता त्याचे २० वॉक खाली मिळव." त्या हंगामात वॉकसुद्धा (वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) ॲट-बॅट म्हणून फलंदाजाच्या माथी मारत, हे मला ठाऊकच नव्हतं. ३४२ ने भागलं तर .४०४. माणूस तोच, हिट तेवढेच, फक्त हिशोबाची रीत वेगळी. त्या संध्याकाळी मी चहा प्यायचाही विसरलो.

मग 'फेअर-फाउल' टोला. तेव्हा चेंडू पहिल्यांदा कुठे टप्पा घेतो, एवढंच बघत. होम प्लेटपुढे, म्हणजे फलंदाजासमोरच, मैदानाच्या रेषेआत टेकवून रेषेबाहेर फिरकत सोडला की क्षेत्ररक्षक धावत सुटायचे आणि बार्न्स बेसवर. काकूंची लाटणी आणि लिंबू घेऊन तुम्ही ते ओट्यावर करून दाखवलंत, तेव्हा कुठे मला ते दिसलं. १८७७ पासून चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसपर्यंत आतच राहायला हवा असं ठरलं, आणि त्या वर्षी त्याची सरासरी .२७२. मी इथेच थांबलो होतो. तुम्ही शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलंत: सामने, फक्त २२. तो तापाने आजारी होता, हंगामाचा बराचसा भाग खेळलाच नाही. ९२ ॲट-बॅटवरून माणसाचा निकाल लावायचा नसतो, हे तुम्ही जरा चढ्या आवाजात म्हणालात, आणि बरोबरच होतं. नुसत्या चलाख टोल्यांवर १८७६ सारख्या एका हंगामात २१ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे टोले) आणि १४ ट्रिपल (तिसऱ्यापर्यंत नेणारे) निघत नाहीत. त्या वर्षी ६६ सामन्यांत त्याने १२६ धावा केल्या. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉर्ज राइटच्या ७२.

तरीही १८७९ मध्ये सिनसिनाटीकडून .२६६ आणि १८८१ मध्ये बॉस्टनकडून .२७१, हेही तुम्ही लपवू दिलं नाहीत. नियमाचा फटका त्याला बसलाच नाही, असं मी आता म्हणत नाही.

सगळ्यात मोठी दुरुस्ती शेवटच्या ओळीत होती. कारकीर्दीची सरासरी मी .३६० लिहिली होती. त्यात १८७१ ते १८७५ ही बॉस्टन रेड स्टॉकिंग्जकडून नॅशनल असोसिएशनमध्ये खेळलेली पाच वर्षं धरलेली आहेत. ती संघटना मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च दर्जाची स्पर्धा, नाही, असं १९६९ मध्ये ठरलं. ती वर्षं वगळली की उरतात ३२९ हिट आणि .३१९. त्याचे सगळ्यात भरात असलेले दिवस वजा होतात. मला याचा अजून राग येतो. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "दोन्ही ओळी छाप, आणि कशात काय धरलंय ते खाली लिही."

तसंच छापलंय, काका. अंक हातात आला की पहिली प्रत घेऊन येतो. काकूंनाही नमस्कार सांगा.

तुमचाच,
तक्ता घेऊन वारंवार दारात उभा राहणारा