सूक्ष्म खुणा तपासा, पण वय धरून : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,

मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात बोलणे होते, गोळ्या लिहिल्या जातात, पण हातापायांची तपासणी बहुतेक वेळा राहूनच जाते. स्किझोफ्रेनियात हालचालींचा मेळ, लय आणि स्पर्शज्ञान यांत बारीक उणिवा दिसतात. औषध सुरू होण्याआधीही त्या सापडतात, म्हणजे साराच दोष गोळ्यांचा नसतो. या 'सॉफ्ट साइन्स', म्हणजे सूक्ष्म खुणा, तपासायला यंत्र लागत नाही. म्हणून ही तपासणी नेहमीच्या केसपेपरात यावी, अशी आमची मागणी आहे. मात्र ती अर्धवट आली तर नुकसानच करील.

उदाहरणादाखल एकच चाचणी घ्या. टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा, असे एका लयीत 15 वेळा. तपासणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवायचे, मग गप्प राहायचे. मध्येच ‘आता कड’ असे सुचवले की चाचणी वाया गेली. क्रम चुकतो की नुसता वेग मंदावतो, हे वेगळे लिहावे. संधिवाताची बोटे मंद चालतात, पण क्रम चुकवत नाहीत. डोळे मिटून तळहातावर लिहिलेला अंक ओळखण्याची चाचणी अक्षरओळख नसलेल्याला लावूच नये. त्याच्या हातात किल्ली किंवा नाणे ओळखायला द्यावे.

1989 साली आलेल्या न्यूरॉलॉजिकल इव्हॅल्युएशन स्केलमध्ये, म्हणजे या खुणा मोजण्याच्या मापनश्रेणीत, अशा 26 चाचण्या आहेत. गुण 0, 1 किंवा 2; उणीव जास्त, तितके गुण जास्त. खरी गफलत बेरजेत होते. निरोगी माणसातही वयाबरोबर या खुणा वाढतात. कपाळावर भुवयांच्या मधोमध टिचकी मारत राहिले तर पापणी काही वेळाने मिटायची थांबते. म्हातारपणी ती मिटतच राहू शकते, आणि पार्किन्सनमध्येही तसेच होते. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाचे गुण पंचविशीतल्या तरुणांच्या सरासरीशी ताडले, तर धडधाकट माणूस रुग्ण ठरेल.

तेव्हा फॉर्मवर वय, शिक्षण, उजवा-डावा हात, ऐकू येते का, चालू औषधे व मात्रा हे रकाने सक्तीचे करा. औषधाने आलेला ताठरपणा, कंप आणि तोंडाच्या अनैच्छिक हालचाली स्वतंत्र नोंदवा. एका अंगाची कमजोरी किंवा अचानक आलेला बदल ही सूक्ष्म खूण नव्हे. तो रुग्ण त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेला पाहिजे.

या गुणांवरून निदान करू नये, नोकरी वा विम्याचा निर्णय तर मुळीच नाही, असे परिपत्रकात स्पष्ट लिहा. उपयोग आहे तो त्याच माणसाच्या मागच्या नोंदीशी तुलना करण्यात. आजार ओसरला की या खुणा अनेकांत कमी होतात. त्या तशाच राहिल्या किंवा वाढल्या, तर उपचार पुन्हा तपासायला हवेत.

आपले,
मनोविकार व वार्धक्य क्षेत्रात काम करणारे चिकित्सक