तासांचा तक्ता आणि टर्मिनल

लंडन,
१ मार्च २०२६

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही वेळांचा तक्ता करून भिंतीवर लावलाय, असं आईनं फोनवर सांगितलं. आजच्या तारखेला तो अगदी बरोबर आहे. मी तुमच्या साडेपाच तास मागे, ताई न्यूयॉर्कला साडेदहा तास मागे. पण येत्या रविवारी, ८ मार्चला, ताईचा आकडा चुकेल आणि २९ मार्चला माझा. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायला तुम्ही बिचकत नाही, मग तक्ता हवाच कशाला? आज त्याबद्दलच सविस्तर लिहितेय.

आधी भानगड काय आहे ती. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. भारत जागचा हलत नाही. त्यामुळे ८ ते २९ मार्चच्या दरम्यान ताई तुमच्यापासून साडेनऊ तासांवर येते, मी साडेपाचवरच राहते, आणि आम्हा दोघींमध्ये पाचाऐवजी चारच तास उरतात. २९ला मीही साडेचारवर येते. परत मागे जाताना ब्रिटन २५ ऑक्टोबरला जातं आणि अमेरिका १ नोव्हेंबरला, म्हणजे तेव्हाही एक आठवडा गोंधळाचा. घड्याळ उलटं धरून लंडनची वेळ वाचायची तुमची युक्ती (रात्रीचे आठ उलटे केले की दुपारचे अडीच) हिवाळ्यापुरतीच. उन्हाळाभर ती एक तास चुकते.

आता आज्ञा. मी त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. तुम्ही अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत टाइप करा. टीझेड (टाइमझोन, म्हणजे वेळेचा पट्टा) ही दोन्ही अक्षरं कॅपिटल, डेट सगळं स्मॉल, खंडाच्या आणि शहराच्या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

टीझेड=युरोप/लंडन डेट

एंटर दाबलंत की माझ्याकडे आत्ता किती वाजलेत ते दिसेल. बरोबरच्या चिन्हाला चिकटून लिहायचं, डेटच्या आधी मात्र जागा सोडायची. लॅपटॉपचं घड्याळ याने बदलत नाही, तेवढ्या एका आज्ञेपुरता डेट लंडनमध्ये बसून उत्तर देतो. पण तुम्हाला 'आत्ता' नको असतं, 'त्या रविवारी रात्री आठ म्हणजे ताईकडे किती' हे हवं असतं. त्यासाठी ही लांब ओळ:

टीझेड=अमेरिका/न्यू_यॉर्क डेट --डेट='टीझेड="एशिया/कोलकाता" २०२६-०३-०८ २०:००'

टीझेड दोनदा आलाय. बाहेरचा सांगतो की उत्तर कुठल्या गावच्या वेळेत हवं, आतला सांगतो की दिलेली वेळ कुठल्या गावची. न्यू आणि यॉर्कच्या मध्ये खालची रेघ आहे, तिथे जागा सोडलीत तर चालणार नाही. उत्तर येईल सकाळचे साडेदहा, शेजारी ईडीटी (तिथली उन्हाळी वेळ). त्याच ओळीत तारीख १ मार्च करून बघा: साडेनऊ, आणि ईएसटी (तिथली हिवाळी वेळ). फरक किती तासांचा हे आपण कुठेच सांगितलेलं नाही. गाव सांगितलं, तारीख सांगितली. त्या तारखेला तिथे कुठला नियम चालू होता हे यंत्र आपलं आपण शोधतं. तक्ता आणि ही ओळ यांत खरा फरक हाच आहे. तक्त्याला तारीख नसते.

एक जागा मात्र फसवी आहे. कोलकाताच्या स्पेलिंगमध्ये चुकून एक टी जास्त पडला तर डेट तक्रार करत नाही. मुकाट्याने यूटीसीची (जगभरची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या वेळेची) वेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची, छापतो आणि पुढे नुसतं 'एशिया' असं लिहितो. गावाच्या जागी आयएसटी ही तीन अक्षरं दिलीत तर प्रकार आणखी वाईट: वेळ यूटीसीची आणि शिक्का आयएसटीचा! हा मला त्या प्रोग्रामचा सरळ सरळ दोष वाटतो, जुन्या नियमांपायी चालत आलेला. शिवाय आयएसटी एकट्या भारताची नाहीच, इस्राएल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात. म्हणून नेहमी खंड आणि शहर असं पूर्ण नाव द्यायचं. अचूक नावांची यादी 'टाइमडेटसीटीएल लिस्ट-टाइमझोन्स' या आज्ञेने मिळते. यूटीसीपुढे अधिक पाच वगैरे लिहून काम भागवायच्या फंदात पडू नका. त्या पद्धतीत अधिक म्हणजे पश्चिम, आपल्या समजुतीच्या नेमकं उलट.

मुंबई सोडून कोलकाता का, हे तुम्ही विचारणारच. या नावांच्या मागे एक मोठा माहितीसंच आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात तो सुरू केला, आता पॉल एगर्ट सांभाळतात, आणि २०११पासून तो आयाना या इंटरनेटची नावं-आकडे सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. १९७०पासून ज्या भागांची घड्याळं एकसारखी चालली, त्यांना मिळून एक नाव द्यायचं आणि बहुधा त्यातलं सगळ्यात मोठं शहर निवडायचं, असा त्यांचा शिरस्ता. मुंबईचा हक्क त्या १९७०च्या अटीत गेला. नाहीतर १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची बॉम्बे टाइम १९५५पर्यंत धरून ठेवली होती!

तुम्हाला जुन्या गोष्टींची आवड, म्हणून हेही करून बघा:

टीझेड=एशिया/कोलकाता डेट --डेट='१९४३-०६-०१ १२:००' +%झेड

शेवटचा झेड स्मॉल. उत्तर +०६३० येतं. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं तासभर पुढे केली होती, ती १५ ऑक्टोबर १९४५ला परत साडेपाचवर आली. तेव्हा 'भारत जागचा हलत नाही' हे मी वर लिहिलं ते आपल्या काळापुरतं. लंडनची गंमत वेगळी. युनिक्सची (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या जुन्या प्रणालीची) कालगणना १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सुरू होते, यूटीसीप्रमाणे. तो शून्य क्षण लंडनच्या वेळेत विचारला (--डेट=@०) तर मध्यरात्र येत नाही, रात्रीचा एक येतो. १९६८ ते १९७१ ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळं पुढेच ठेवली होती. ग्रीनिच ज्या शहरात आहे, तेच शहर स्वतःच्या वेळेवर नव्हतं! मी हे इथल्या बऱ्याच जणांना सांगितलं, कुणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. तुम्हाला वाटेल.

न्यूयॉर्कसाठी ८ मार्च, पहाटेचे अडीच ही वेळ दिलीत तर डेट 'इनव्हॅलिड डेट' म्हणून हात वर करतो. त्यात आपली चूक काही नाही. त्या दिवशी तिथलं घड्याळ दोनवरून थेट तीनवर जाणार, अडीच वाजणारच नाहीत. सामोआत तर असा आख्खा दिवसच गेला: २०११मध्ये त्यांनी वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबर ही तारीख तिथे उगवलीच नाही. यंत्राला तेही ठाऊक आहे.

वर्षभरात बदल कधी कधी होणार, ते एकदम बघायचं असेल तर 'झेडडम्प -व्ही युरोप/लंडन', पुढे उभी रेघ आणि 'ग्रेप २०२६'. चार ओळी येतील. प्रत्येक बदलाच्या दोन, एक क्षणभर आधीची आणि एक नंतरची.

सिस्टीमचे अपडेट मात्र थोपवून ठेवू नका. सरकारं हे नियम मनात येईल तेव्हा बदलतात. मेक्सिकोने २०२२मध्ये बहुतेक भागातली उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३मध्ये पुन्हा चालू केली. असे बदल अपडेटमधूनच तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचतात.

तर ८ मार्चला तुमच्याकडे रात्री आठ, माझ्याकडे दुपारी अडीच, ताईकडे सकाळी साडेदहा. ताईला मी कळवलंय. आईला नमस्कार.

तुमची लेक

ता. क. ताईच्या मॅकवर ती लांब ओळ चालणार नाही. तिथला डेट दुसऱ्या घराण्यातला, त्याचे पर्याय वेगळे. नुसती 'आत्ताची वेळ' विचारणारी छोटी ओळ मात्र तिच्याकडेही चालेल.