चौथी सीट

भांडुप, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझ्या साखरपुड्याच्या दिवशी मला ताप नव्हता. मी दादरला आलो होतो. हॉलचा जिनाही चढलो. वरून तुम्हा सगळ्यांचं हसणं ऐकू आलं आणि पाय उचलेना. आत गेलो की सगळ्यांच्या माना वळणार, कुणीतरी "सध्या काय करतोस?" विचारणार, आणि मला शब्द फुटणार नाही. शर्ट घामाने भिजला. तुझ्या आहेराचं पाकीट घेऊन तसाच परतलो. ते अजून कपाटात आहे.

दोन महिन्यांनी टेली मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन लावला. तीनदा रिंग जायच्या आत कापला, चौथ्यांदा बोललो. मग केईएम रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी. डॉक्टर म्हणाल्या, हा नुसता बुजरेपणा नाही, सोशल अँग्झायटी आहे, लोकांत वावरण्या-बोलण्याची भीती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात १९८० सालापासून तिची नोंद आहे, आणि बहुतेकांना ती शाळा-कॉलेजच्या वयातच धरते. घरी मला कायम 'शांत, गुणी मुलगा' म्हणायचे. तोच माझा स्वभाव, असं मीही धरून चाललो होतो.

कानात हेडफोन घालून बसणं, प्रत्येक वाक्य मनात घोकून मग बोलणं, कुणाच्या तरी मागे उभं राहणं. याने वेळ निभावते, पण बोललो असतो तरी काही बिघडलं नसतं, हे मनाला कधी कळतच नाही. डॉक्टर हे सांगत होत्या आणि मला तू आठवलास. कँटीनमध्ये माझा वडापाव तू मागायचास. सरांना माझी शंका तू विचारायचास. तुझी माया होती ती, मन्या. मी तिच्या आड लपलो.

भीतीच्या पायऱ्या करायच्या, सर्वांत सोपीपासून चढायचं, असं ठरलं. माझी पहिली पायरी चौथी सीट, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर कडेला चौथ्याने टेकायची ती जागा. भांडुप ते परळ स्लो लोकलने इतकी वर्षं जातोय, पण "जरा सरकता का?" एवढं कधी तोंडातून निघालं नाही, जागा असून उभा राहायचो. पहिल्या दिवशी विक्रोळीपासून कुर्ल्यापर्यंत ओठांवर शब्द घेऊन उभा होतो, जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालो. काकांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही, फक्त सरकले. मी अर्धा बाहेर लटकत बसलो, छाती धडधडत होती, आणि डोळे भरून आले.

आता त्या काकांशी रोज बोलणं होतं. ते भजनात पखवाज वाजवतात. मी त्यांना इतकं विचारतो की परळ कधी येतं कळत नाही. मला माणसांना विचारायला आवडतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं रे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये अजून हात थरथरतात. ती पायरी बरीच वर आहे.

लग्नाला येतोय. मला घ्यायला खाली येऊ नकोस, जिना मी चढेन. आणि कुणी विचारलं "काय करतोस?" तर माझ्या वतीने उत्तर देऊ नकोस. मी अडखळलो तरी थांब.

पाकीट आणतोय.

तुझाच,
बाळू