ऑटोमॅटिक गाडी घेताना आधी गिअरबॉक्सचा प्रकार विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांची ओळख नेमाने येते. स्क्रीन किती इंची, डिकीत किती बॅगा मावतात, मायलेज किती, हे सगळे त्यात असते. गिअरबॉक्सच्या वाट्याला मात्र जेमतेम एक वाक्य येते: ‘ऑटोमॅटिकचा पर्यायही आहे.’ इंजिनाखालोखाल दुरुस्तीला सर्वांत महाग पडणारा भाग हाच आहे आणि रोजच्या चालवण्यातले सुख किंवा मनस्तापही त्यावरच ठरतो. गाडी घ्यायला निघालेल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

छोट्या गाडीत ऑटोमॅटिक म्हणून चारपैकी एक यंत्र असते: एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच. चारही प्रकारांत पेडल दोनच, त्यामुळे शोरूममध्ये नुसते बसून फरक कळत नाही. कंपन्या आपापल्या गिअरबॉक्सला आकर्षक नावे देतात, त्यानेही बोध होत नाही. म्हणून ब्रोशरमधला तांत्रिक तक्ता मागून घ्यावा आणि गिअरबॉक्सची ओळ बोट ठेवून वाचावी.

सर्वांत कमी खर्चात बसते ती एएमटी. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच सुकी क्लच प्लेट असते. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे इलेक्ट्रिक मोटर किंवा हायड्रॉलिक ॲक्चुएटर करतो, आणि ती केव्हा करायची हे टीसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. वजन फारसे वाढत नाही, मायलेज मॅन्युअलच्या आसपास राहते. पण गिअर बदलताना क्लच सुटतो आणि तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही, म्हणून आतल्यांच्या माना पुढे-मागे होतात. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हे जास्त जाणवते. गिअर बदलण्याच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की झटका बराच कमी होतो. वर्षानुवर्षे मॅन्युअल चालवलेल्याला ही लय लवकर सापडते. ऑटोमॅटिकवरच गाडी शिकलेल्याला ती मुद्दाम सांगावी लागते.

एएमटीची खरी परीक्षा चढावर होते. चढावर रांग थांबलेली आहे आणि चालकाने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरली आहे, असे दृश्य नेहमी दिसते. त्या वेळी आत क्लच अर्धवट जुळलेला असतो. इंजिनाकडची फ्लायव्हील नावाची चकती फिरत असते, चाके थांबलेली असतात आणि मधली क्लच प्लेट घासत राहते. काही सेकंदांत प्लेट तापू लागते, मिनिटभरात करपल्याचा वास येतो. बहुतेक गाड्यांत टीसीयू आधी बीप देऊन बजावतो. तरी दुर्लक्ष केले तर क्लच वाचवण्यासाठी तो ताकद तोडतो आणि गाडी मागे सरकते. अशा सवयीने, लाख किलोमीटर चालू शकणारी प्लेट वीस-तीस हजारांतही संपते. मग ‘एएमटीचा क्लच टिकत नाही’ असा बोलबाला होतो. चढावर थांबायचे तर पाय ब्रेकवर, नाहीतर हँडब्रेक ओढलेला, एवढा एक नियम पाळला तरी क्लचचे आयुष्य कितीतरी वाढते.

यासाठी एएमटी घेताना हिल होल्ड आहे की नाही हे पाहणे मी तरी अत्यावश्यक मानतो. ब्रेकवरून पाय उचलल्यावर साधारण दोन सेकंद ही सोय ब्रेक धरून ठेवते आणि तेवढ्यात ॲक्सिलरेटर दाबता येतो. अनेक गाड्यांत ती फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये देतात. अलॉय व्हील आणि मोठा स्क्रीन सोडावा, पण हिल होल्ड सोडू नये.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बऱ्याच एएमटी गाड्यांना ‘पी’ म्हणजे पार्कची जागाच नसते. लिव्हर न्यूट्रलला ठेवून इंजिन बंद केले तर गाडीला फक्त हँडब्रेकचा आधार उरतो. अशी गाडी उभी करताना ब्रेक दाबलेला असताना लिव्हर गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि मगच इंजिन बंद करावे. गिअर आत तसाच अडकून राहतो. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पुढचा गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला ‘पी’ असतो, पण तिथेही क्रम महत्त्वाचा: ब्रेक, हँडब्रेक, मग ‘पी’. उलट केले तर गाडीचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर लटकते आणि पुढच्या वेळी लिव्हर ‘पी’मधून ‘खट्’ असा आवाज करत निघते.

टॉर्क कन्व्हर्टर हा यांतला सर्वांत जुना आणि सोशिक प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेटऐवजी ऑइलने भरलेला कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचा पंखा ऑइल फेकतो, त्या जोराने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. गाडी जागेवरून उचलताना हा कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे दुप्पट करतो, त्यामुळे भरलेली छोटी गाडीसुद्धा चढावर न कुरकुरता निघते. रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये जळायला सुकी प्लेट नाही. ऑइलमधून ताकद पोचवताना थोडी वाया जाते, म्हणून मायलेज काहीसे कमी. ठरावीक वेगानंतर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि ते नुकसान थांबते. जुन्या छोट्या गाड्यांत चारच गिअर असत, त्यामुळे हायवेला इंजिन वरच्या आरपीएमवर ओरडत राही. आता सहा गिअर सर्रास मिळतात. निवड असेल तर सहाच घ्यावेत.

याचे दुखणे बहुधा ऑइलपासून सुरू होते. ‘लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही’ या वाक्यावर विसंबू नये. गरमी, चढ आणि ट्रॅफिक यांत चालणाऱ्या गाडीचे ऑइल साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदललेले बरे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत त्याहून लवकर सांगितले असेल तर ते पाळावे. ड्रेन प्लग काढला तरी साधारण निम्मेच ऑइल बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून ऑइल फार काळे झाले असेल तर थोडे अंतर चालवून पुन्हा बदलतात. ग्रेड कंपनीने दिलेलाच हवा. अनेक गाड्यांत डिपस्टिक नसते; इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर (बऱ्याचदा ३५ ते ४५ अंश सेल्सियस) खालच्या प्लगमधून लेव्हल पाहावी लागते. हे तापमान गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर न बघता जो मेकॅनिक अंदाजाने ऑइल भरतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्या नसतात. दोन कप्प्या आणि त्यांवर पोलादी पट्टा. कप्प्यांच्या बाजू जवळ-लांब होतात तसा पट्टा वर-खाली सरकतो आणि गुणोत्तर अखंड बदलत राहते. हा पट्टा सुमारे ४०० पातळ पोलादी तुकड्यांची माळ असतो. छोट्या गाडीत हे तंत्र नवे नाही. नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यांची अशी छोटी गाडी सादर केली होती. शहरात सीव्हीटीइतके गुळगुळीत दुसरे काही नाही. मात्र ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन एकदम वर चढते आणि वेग मागून हळूहळू येतो. काहींना हा आवाज असह्य होतो, काहींना आठवड्यात सवय होते. टेस्ट ड्राइव्हमध्ये ओव्हरटेक करून आपण कोणत्या गटात हे पाहून घ्यावे. सीव्हीटीला तिचेच खास ऑइल लागते. साधे एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) भरले तर पट्ट्याची पकड सुटते, कप्पीवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्तीपेक्षा अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचीच भाषा होते.

ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसरा चालू असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल क्षणार्धात होतो आणि ताकद तुटत नाही. हायवेला याच्यासारखी मजा नाही. पण क्लच सुके की ऑइलमधले, हे विचारल्याशिवाय बुकिंग करू नये. सुक्या क्लचला रेंगाळणे सोसत नाही: पावलापावलाने सरकताना दोन्ही प्लेटा घासत, तापत राहतात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते आणि डॅशबोर्डवर ट्रान्समिशन गरम झाल्याची सूचना येते. ज्यांचा रोजचा तासभर बंपर-टू-बंपर जातो, त्यांनी सुका ड्युअल क्लच टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच येत नाही; तिथे बहुधा मोटरचा वेग उतरवणारा एकच रिडक्शन गिअर असतो.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले नेहमी सरळ, मोकळ्या रस्त्यावर नेतात. त्या रस्त्यावर चारही प्रकार छानच वाटतात. गाडीत चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून ती चढावर न्यायला सांगावे. मध्येच थांबून पुन्हा उचलावी, किती मागे सरकते ते पाहावे. मग तोच चढ रिव्हर्समध्ये चढावा; तळघरातल्या पार्किंगमधून उलटे बाहेर निघणाऱ्यांना रोज हेच करायचे असते आणि एएमटी इथे सर्वांत जास्त अडखळते. अरुंद जागेत डी-आर-डी (पुढे-मागे-पुढे) करत गाडी वळवावी. गिअर लागायला दोन-दोन सेकंद लागत असतील तर गल्लीत मागचे हॉर्न ऐकण्याची तयारी ठेवावी. स्पीड ब्रेकरवर वेग अगदी कमी करून पुन्हा हलका ॲक्सिलरेटर द्यावा. ४० च्या वेगात एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून गाडी खालच्या गिअरला किती चटकन येते तेही पाहावे. शेवटी ब्रेक सोडून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, गाडी सपाटीवर किती शांतपणे पुढे सरकते ते बघावे. रांगेत तासन्‌तास हेच करायचे आहे.

मॅन्युअलवरून येणाऱ्यांसाठी एक सुरक्षेची गोष्ट. ऑटोमॅटिकचे ब्रेक पेडल बहुधा रुंद असते. गडबडीत डावा पाय सवयीने क्लच शोधतो, रुंद ब्रेकवर पडतो आणि क्लचच्या जोराने दाबला जातो. गाडी जागीच थबकते आणि मागचा येऊन आदळतो. पहिले काही दिवस डावा पाय मुद्दाम डेड पेडलवर (डावा पाय टेकवायच्या जागेवर) किंवा सीटकडे ओढून ठेवावा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. गाडी घेताना डेड पेडल आहे का आणि पाय त्यावर नीट टेकतो का, हेही बसून बघावे. छोट्या गाड्यांत नेमकी हीच जागा चोरलेली असते. घाट उतरताना न्यूट्रल करू नये. मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (खालचा गिअर) वापरून इंजिन ब्रेकिंग घ्यावे, नाहीतर नुसत्या ब्रेकवर उतरताना ते तापून निकामी होतात.

जुनी ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी गाडी थंड असतानाच पाहायला जावे. गरम गाडीत बरेच दोष दडतात. थंड इंजिनावर ‘डी’ आणि ‘आर’ लावून पाहावे: गिअर लागायला उशीर होतो का, लागताना धक्का बसतो का. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर ५० ते ७० च्या दरम्यान एकसारख्या वेगात, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर येते का ते बघावे. ती लॉक-अप क्लचच्या बिघाडाची खूण असते. एएमटीला स्कॅनर लावून क्लच किती झिजला आहे आणि किस पॉइंटचे लर्निंग (क्लच नेमका कुठे जुळू लागतो, हे टीसीयूला शिकवणे) शेवटचे केव्हा झाले, हे अनेक गाड्यांत पाहता येते. क्लच प्लेट बदलल्यावर हे लर्निंग केले नाही तर नवी प्लेटही झटके देते आणि मालकाला वाटते, काम फुकट गेले. ऑटोमॅटिक टोइंगने आणलेली असेल तर ती कशी आणली हेही विचारावे: इंजिन बंद असताना पुढची चाके रस्त्यावर फिरवत लांबवर ओढली, तर पंप बंद असल्याने टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गिअरबॉक्सला आत ऑइल पोचत नाही. ढकलून स्टार्ट करण्याची सोयही यांत नाही, म्हणून बॅटरीचे वय नक्की पाहावे.

संपादक महोदय, आपल्या पानावर एवढे सगळे छापायला जागा नसते, हे मान्य आहे. पण प्रत्येक परीक्षणात पाच गोष्टी द्याव्यात अशी कळकळीची विनंती आहे: गिअरबॉक्सचा प्रकार, क्लच असल्यास सुका की ऑइलमधला, हिल होल्ड कोणत्या व्हेरिएंटपासून, ‘पी’ आहे की नाही, आणि गिअरबॉक्सचे ऑइल किती किलोमीटरला बदलायचे. सोबत, चार माणसे बसवून चढावर थांबवल्यावर गाडी किती मागे सरकली, हे परीक्षकाने स्वतः पाहून लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक