विम्याची सक्ती फक्त घेणाऱ्यावरच का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात आता ज्या घरातलं कोणीच बाहेर नाही असं घर शोधावं लागेल. दुबई, मस्कत, कुवेत तर जुनंच झालं, त्यात आता स्विंडन, लिस्बन, टोरंटो आलं. मुलं बाहेर स्थिरावली की आई-वडिलांचं जाणं सुरू होतं, आधी नातवंडाच्या वेळी सहा महिने, मग दर वर्षी, मग काहीजण तिकडेच जास्त राहतात आणि इकडे फक्त गणेश चवथीला येतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांची डबी पर्समध्ये ठेवून विमानात बसणारी ही रिटायर माणसं. व्हिसा झाला का, तिकीट किती पडलं, हे सगळे विचारतात, विमा कसला काढलाय आणि त्यात लिहिलंय काय हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, विम्याची सक्ती असावी याच मताची मी आहे. कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे तिथे स्थिरावलेल्यांच्या आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणारा व्हिसा, किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान वर्षभराचा आरोग्य विमा दाखवल्याशिवाय मिळत नाही. दुबईत 2013 च्या कायद्याने मुलाने आई-वडिलांना स्पॉन्सर केलं तर त्यांचा विमा त्यानेच काढायचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला 30 हजार युरोचं कव्हर लागतं. थायलंडने पन्नाशीच्या पुढच्यांसाठी जो वर्षभर राहायचा ओ-ए व्हिसा ठेवलाय त्यालाही 2019 पासून विमा कंपल्सरी आहे. आणि जिथे सक्ती नाही तिथे काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसतं. तिथे व्हिजिटर म्हणून जाणाऱ्याला विमा मागत नाहीत, म्हणून आपली बरीच माणसं काढतच नाहीत, मुलगा तिथे आहे ना, एनएचएस (तिथली सरकारी आरोग्य सेवा) फुकट आहे ना, असं म्हणत जातात. पण फुकट आहे ते अपघात-इमर्जन्सी विभागापर्यंत, एकदा वॉर्डात दाखल केलं की परदेशी पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं, आणि 500 पाउंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं तर ते व्हिसावाल्यांना कळवलं जाऊ शकतं, म्हणजे पुढच्या वेळी नातवंडांना भेटायला जाणंही अडू शकतं.

तेव्हा सक्ती बरोबरच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे, की ती सक्ती फक्त घेणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही. किती डॉलरचा विमा हवा ते सरकार सांगतं, पण आधीपासून असलेल्या आजाराचं काय करायचं ते कंपनीवर सोडून दिलंय, आणि सत्तरीच्या माणसाला आधीपासून आजार नाही असं किती घरांत असतं हो?

माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी घडलेलं सांगते. भावोजी कॅनडाला जायच्या आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे चेकअपला गेले, प्रेशर थोडं वर होतं, डॉक्टरांनी गोळी 5 ची 10 केली, जाताना काळजी नको म्हणून. कोणीही डॉक्टर हेच करेल. तिकडे गेल्यावर काही आठवड्यांत छातीत दुखलं, अॅडमिट केलं, देवाच्या कृपेने माणूस वाचला. मग विमा कंपनीने इथल्या डॉक्टरांचे कागद मागवले, गोळी वाढवल्याची तारीख बघितली आणि क्लेम नाकारला. कारण पॉलिसीत लिहिलं होतं की जुना आजार प्रवासाला निघण्याआधी 180 दिवस स्थिर असायला हवा, आणि औषधाचा डोस बदलला म्हणजे तो स्थिर नाही. बऱ्याच पॉलिसींत तर डोस कमी केला तरी तो बदलच धरतात. माणूस बरा होत चाललाय म्हणून गोळी कमी केली, तरीही! भाचा अजून हॉस्पिटलचे हप्ते भरतोय. ज्या एजंटने पॉलिसी दिली त्याने ही 180 दिवसांची गोष्ट एका शब्दाने सांगितली नव्हती, आणि पॉलिसीचं पुस्तक इंग्रजीत, बारीक अक्षरात, ताई मराठी शाळेत शिकलेली, तिने ते कसं वाचायचं?

आता तर आणखी एक झालंय. 28 जानेवारी 2025 पासून सुपर व्हिसाला कॅनडाबाहेरच्या कंपनीचा विमाही चालतो, पण ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाच्या यादीत असली तरच. स्वस्त आहे म्हणून कोणी इकडचीच एखादी पॉलिसी गळ्यात मारेल आणि व्हिसाच्या वेळी ती चालणार नाही, तेव्हा यादीत नाव बघूनच पैसे द्या.

मला जास्त लागतं ते हे, की आपल्या केंद्र सरकारला हे करता येतं. प्रवासी भारतीय विमा योजना बघा. ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर कामासाठी काही देशांत जायला सरकारची परवानगी लागते) आखातात कामाला जाणाऱ्याला ती सक्तीची आहे, 10 लाखांचं कव्हर आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. तिथे कव्हर किती, हप्ता किती, सगळं सरकारने ठरवून दिलंय. पण ती कामगारांसाठी आहे आणि वय 18 ते 65. ज्याने तीस वर्षं कुवेतमध्ये घाम गाळून पैसा गोव्यात पाठवला तो म्हातारपणी मुलीकडे राहायला निघाला की त्याच्यासाठी असं काहीच नाही, त्याने बाजारात मिळेल ते घ्यायचं.

दुसरी गोष्ट इकडच्या विम्याची. बरेचजण तिकडचा काढला म्हणून इकडची मेडिक्लेम सोडून देतात. कृपा करून असं करू नका. जुन्या आजाराचा खर्च मिळायला थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पण पॉलिसी तुटली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि परत येऊन गोव्यात ऑपरेशन करायची वेळ आली तर हातात काही नसतं. 2024 पासून 65 नंतर नवी पॉलिसी नाही हा अडसर गेलाय आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेलाय, तेव्हा चालू ठेवणं थोडं तरी सोपं झालंय. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विमा योजनेचं कार्ड असेल तर त्याचं नूतनीकरणही चुकवू नका, ते कार्ड परदेशात चालत नाही पण परतल्यावर तेच कामाला येतं.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या देशाच्या विमा नियामकाने जानेवारी 2024 पासून आरोग्य विम्याच्या पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यायला लावलंय आणि ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं असं सांगितलंय. किती गोवेकरांनी ते मागितलं असेल? आपल्याकडे अनिवासी भारतीयांसाठी सरकारचं आयुक्त कार्यालय आहे. त्यांनी परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक दिवस एक टेबल लावावं, पणजीत, म्हापशात, मडगावात, फोंड्यात, जिथे पॉलिसी आणि औषधांची चिठ्ठी घेऊन गेलं की कोणीतरी बसून सांगेल की बाई, तुमची गोळी मागच्या महिन्यात बदललीय, ही पॉलिसी तुमच्या हृदयाला लागू नाही, दुसरी बघा नाहीतर निघायची तारीख पुढे ढकला. आणि मराठी-कोंकणीत एक पान छापून प्रत्येक व्हिसा एजंटच्या काउंटरवर ठेवायला लावावं. इथल्या डॉक्टरांनाही विनंती, पेशंट परदेशी चाललाय असं कळलं की औषध बदलताना तेवढं एक वाक्य त्याला सांगा. औषध बदलायची गरज असेल तर ते बदलायलाच हवं, पण मग विमा त्याप्रमाणे घेता येतो, जास्त हप्ता भरून जुना आजार धरणाऱ्या पॉलिसीही मिळतात.

चवथ झाली की आपली किती माणसं परत विमानं पकडतात ते आपण दर वर्षी बघतो. हे टेबल त्याआधी सुरू व्हावं, आणि आपल्या वृत्तपत्राने आयुक्त कार्यालयाला तसं जाहीर विचारावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा